गुत्तीच्या कोळ्याचे बिऱ्हाड

लेस्टरला लेकीकडे गेलो, तेव्हा माझी झोपायची सोय नातवाच्या खोलीत केली होती. पहिल्याच रात्री दिवा मालवताना कपाटावरच्या बरणीत काहीतरी हलले. ‘‘आजोबा, घाबरू नका. टॅरँटुला आहे. आपल्याकडचाच, इंडियन!’’ चौदा वर्षांच्या नातवाने ओळख करून दिली. कोळिष्टक दिसले की केरसुणी शोधणाऱ्या पिढीतला मी. रात्रभर कुशीवर वळताना आधी बरणीचे झाकण बघत होतो.

सकाळी धीर करून जवळ गेलो. सालीच्या तुकड्यावर तळहाताएवढा कोळी पाय पसरून बसला होता. नीलमण्यासारखा निळा, पायांवर पिवळे पट्टे, पाठीवर पांढरी जाळीदार नक्षी. गावाचे नाव विचारले, तर नातू म्हणाला, ‘‘गूटी.’’ मी चमकलो. मुंबई-चेन्नई लोहमार्गावरची गुत्ती! मुरारराव घोरपड्यांची गुत्ती!

पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये या जातीची नोंद केली. नमुना मिळाला तो गुत्तीला, रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत. पुढे शंभर वर्षे पत्ता नाही. २००१ मध्ये हा कोळी पुन्हा सापडला तो नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात. तोडलेल्या लाकडांबरोबर आगगाडीने तो गुत्तीला पोचला असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे नावातले गाव वेगळे आणि राहते घर वेगळे. बँकेच्या नोकरीत बदल्यांवर आयुष्य काढलेल्या मला यात नवल वाटले नाही.

हा कोळी जमिनीत बीळ करीत नाही, जुन्या झाडांच्या ढोलीत राहतो. म्हणून त्याच्या घराला लांबीरुंदीपेक्षा उंची हवी. पिल्लू नखाएवढे होते, तेव्हा नातवाने त्याला भोके पाडलेल्या औषधाच्या डबीत ठेवले होते. मी विचारले, ‘‘एकदम मोठीच पेटी का नाही घेतलीस?’’ तर म्हणाला, मोठ्या घरात पिल्लाला भक्ष्य सापडत नाही आणि त्याने खाल्ले की नाही, ते आपल्याला कळत नाही. डबीनंतर बरणी, आणि आता एक-सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच काचेची पेटी आणून ठेवलेली होती. तिच्यात तळाला ओलसर कोकोपीट, उभी केलेली कॉर्कची पोकळ साल, पाण्याची वाटी. समोरासमोर जाळ्या, कारण हवा खेळली नाही तर बुरशी धरते, आणि फार कोरडे झाले तर कात टाकताना कोळी अडकतो.

पण बिऱ्हाड हलणार कसे? कोळ्याने तीन आठवडे काही खाल्ले नव्हते. ‘‘आजारी आहे. देऊन टाक कोणाला तरी,’’ लेक म्हणाली. त्याच आठवड्यात नातू शाळेच्या सहलीला गेला आणि राखण माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर कोळी उताणा पडलेला, पाय वर! मी हळूच चिमटा उचलला आणि आधी नातवाला फोन लावला. ‘‘आजोबा, हात लावू नका! कात टाकतोय!’’ तो ओरडला. त्या वेळी शरीर इतके मऊ असते, की जरासा धक्काही जिवावर बेततो. मी खुर्ची ओढून बसलो. काही तासांनी जुन्या कातडीतून निळेशार पाय एकेक करून बाहेर आले. लेकही दारात येऊन उभी राहिली होती.

टाकलेल्या कातीवरून नातवाने ओळखले, की ही मादी आहे. नर तीन-चार वर्षे जगतो, मादी दहा-बारा. लेकीने विचारले, ‘‘तू कॉलेजला गेलास की हिचे कोण करणार?’’ त्याच्याकडे उत्तर नव्हते.

दोन आठवड्यांनी, दात घट्ट झाल्यावर, आम्ही घर बदलले. बरणीच पेटीत आडवी ठेवली, झाकण काढले आणि लांब ब्रशने मागून किंचित स्पर्श केला. निळी रेघ ओढल्यासारखी ती सर्रकन बाहेर आली, पण सालीवर न जाता काचेवरून थेट दारापर्यंत! ही जात अतिशय चपळ, आणि चावली तर तीव्र वेदना आणि पेटके. म्हणूनच तिला कधी हातावर घ्यायचे नाही. नातवाने हात मागे घेतला आणि दार अलगद लोटले. ती थबकली, वळली आणि सालीच्या पोकळीत शिरली. आम्ही दोघांनी श्वास सोडला.

रात्री त्याने विचारले, ‘‘आजोबा, हिला नंद्यालला सोडून आलो तर?’’ तसे करता येत नाही. ही पेटीतच जन्मलेली, आणि सीमेपलीकडे नेण्यावर २०१९ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार परवान्याचे बंधन आहे. शिवाय तिथले रान शंभर चौरस किलोमीटरहूनही कमी, त्यात सरपणासाठी झाडे तुटतात. ज्यांना ढोल्या असतात, ती जुनी झाडेच आधी जातात. ही जात अतिसंकटग्रस्त मानली जाते, ती त्यामुळे. तिला काचेचे नवे घर आम्ही एका संध्याकाळी दिले. ढोली तयार व्हायला झाडाचे आयुष्य लागते.

परतल्यावर महिन्याने लेकीचा फोन आला. नातू परीक्षेत गुंतला होता. म्हणाली, ‘‘बाबा, काल तिने रातकिडा धरला. पाण्याची वाटी हल्ली मीच भरते. लांब चिमट्याने!’’