विरघळवणारा कुठे जातो?

गरम फोडणीत चिमूटभर हळद पडली की तेल पिवळेधमक होते. तीच हळद पाण्यात टाका, पाणी गढूळ होते आणि थोड्या वेळाने हळद तळाशी जाऊन बसते. हळदीचा रंग तेलाशी जमवून घेतो, पाण्याशी नाही. साखरेचे नेमके उलटे. कोणाचे कोणाशी जमते, हे गणित आपल्या स्वयंपाकघराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

असे विरघळवून घेणाऱ्या पदार्थाला रसायनशास्त्रात विद्रावक म्हणतात. कारखान्यात त्याला सरळ 'सॉल्व्हंट' म्हणतात. घरची फोडणी आपण तेलासकट खातो, त्यामुळे तिथे पुढचा प्रश्न उरत नाही. कारखान्यात मात्र विद्रावक हा नुसता मध्यस्थ असतो. सोयाबीनमधले तेल, मोगऱ्यातला सुगंध किंवा झाडाच्या सालीतले औषध बाहेर काढून दिले की त्याचे काम संपले, त्याने निघून जायचे. पण तो जातो कुठे? बराचसा पकडून पुन्हा वापरतात. थोडा मालात राहतो, थोडा सांडपाण्यात जातो आणि थोडा हवेत, म्हणजे यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जातो.

कॉफीच्या बीवरून ही गोष्ट नीट सांगता येते. तिच्या सुरुवातीला एक कवी उभा आहे, याचे मला अप्रूप वाटते. १८१९ साली रुंगे नावाच्या तरुण जर्मन रसायनतज्ज्ञाने महाकवी गटेला एक प्रयोग करून दाखवला. बेलाडोना वनस्पतीच्या अर्काने मांजराच्या डोळ्याची बाहुली कशी विस्फारते, असा तो प्रयोग होता. खूश झालेल्या गटेने त्याच्या हाती कॉफीच्या बिया ठेवल्या आणि यांचाही शोध घे, असे सुचवले. रुंगेने त्यातून झोप उडवणारा पदार्थ वेगळा केला. तेच कॅफिन.

पुढे ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियस या व्यापाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅफिन काढून टाकलेली कॉफी बाजारात आणली. त्याने वापरलेला विद्रावक होता बेंझीन. कॅफिन निघाले, कॉफी खपली. आज बेंझीन हे रक्ताच्या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे. त्याची जागा नंतर इतर विद्रावकांनी घेतली. त्यांतले मिथिलीन क्लोराइड अजूनही काही ठिकाणी वापरतात. अमेरिकेत भाजलेल्या कॉफीत त्याचा दहा लाखांत १० भाग एवढाच अंश चालतो. म्हणजे कॉफी पिणाऱ्याचा विचार झालेला आहे. पण टाकीचे झाकण उघडणाऱ्याचे काय?

हा प्रश्न जुन्या काळातला नाही. २००९च्या सुमारास चीनमधल्या सुझोऊ शहरात मोबाइलचे पडदे पुसण्यासाठी एका कारखान्याने अल्कोहोलऐवजी हेक्झेन वापरायला सुरुवात केली. कारण एवढेच, की ते लवकर उडून जाते आणि काम झटपट होते. उडून ते गेले कामगारांच्या श्वासात. शंभरावर माणसे आजारी पडली. हातापायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणे असा त्रास झाला, कारण हेक्झेन मज्जातंतूंवर घाला घालते. ज्या पडद्यांसाठी हे झाले, ते वापरणाऱ्यांना त्याचा वासही आला नाही.

मग निरुपद्रवीपणे येऊन, काम करून, मागे काही न ठेवता निघून जाणारा विद्रावक मिळेल का? त्याचा धागा दोनशे वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगात आहे. १८२२ साली कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने बंदुकीच्या बंद नळीत द्रव आणि गारगोटीची एक गोळी घातली. नळी तापवत तो ती हलवायचा आणि कान लावून ऐकायचा. द्रवात गोळी पडल्याचा आवाज येत असे. पण एका मर्यादेपुढे तो आवाजच बदलला. आत द्रव आणि वाफ अशी सीमाच उरली नव्हती.

या मर्यादेला क्रांतिक बिंदू म्हणतात. तिच्यापलीकडच्या पदार्थाला धड वायू म्हणता येत नाही, धड द्रवही नाही. ही अतिक्रांतिक अवस्था. तो वायूसारखा बारीक छिद्रांत शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. पाण्याला या अवस्थेत न्यायला ३७४ अंश तापमान लागते. कार्बन डायऑक्साइडला फक्त ३१ अंश पुरतात, आपल्या अंगाच्या उष्णतेहूनही कमी. दाब मात्र हवेच्या दाबाच्या सुमारे ७३ पट लागतो. १८७९ साली हॅने आणि होगार्थ या दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अशा अवस्थेतल्या पदार्थात घन वस्तू विरघळतात आणि दाब कमी केला की लगेच बाहेर पडतात.

दाबाची हीच किल्ली १९६०च्या दशकात जर्मनीतल्या म्युल्हाइमच्या माक्स प्लांक संस्थेत कुर्ट झोझेल यांनी कॉफीला लावली. पद्धत अशी. कच्च्या बिया आधी ओल्या करून फुगवतात, कारण कोरडी बी कॅफिन सोडत नाही. मग जाड पोलादी भांड्यात त्यांच्यातून हवेच्या दोनशे-तीनशे पट दाबाचा कार्बन डायऑक्साइड फिरवतात. तो कॅफिन उचलतो, साखर आणि प्रथिने जवळजवळ जागेवरच ठेवतो. पुढे पाण्याने धुऊन किंवा सक्रिय कोळशातून नेऊन त्याच्यातले कॅफिन काढून घेतात आणि तोच वायू पुन्हा बियांकडे पाठवतात. कॅफिनही वाया जात नाही, शीतपेये आणि औषधांसाठी विकले जाते. बियांत विद्रावकाचा अंश उरण्याची भीती नाही. झाकण उघडले की उरलासुरला वायू निघून जातो.

आपल्याकडेही हे तंत्र नवे नाही. मुंबईच्या आयआयटीतल्या प्राध्यापक ममता मुखोपाध्याय यांनी त्यावर संशोधन केले. नैसर्गिक अर्क या पद्धतीने कसे काढावेत, यावरचे त्यांचे पुस्तक २००० साली प्रसिद्ध झाले. मिरी, आले, वेलची यांचे अर्क भारतात अशा प्रकारे काढले जातात. मंद आचेवर काम होत असल्याने मूळचा वास टिकतो.

कोणी म्हणेल, पृथ्वी तापवणारा हाच तो वायू ना! हो, तोच. पण इथे तो मुद्दाम तयार करावा लागत नाही. मद्यार्काच्या आंबवणीतून किंवा खत कारखान्यातून बाहेर पडणारा वायू पकडून वापरता येतो. खरा खर्च दाब निर्माण करण्याच्या विजेचा आणि जाड भांड्यांचा आहे. म्हणूनच खाद्यतेलासारख्या स्वस्त मालात आजही हेक्झेनच चालते. शिवाय कार्बन डायऑक्साइड सगळेच विरघळवत नाही, मीठ-साखरेशी त्याचे जमत नाही. कधी त्यात थोडा मद्यार्क मिसळावा लागतो. तो बंद खोलीत गळला तर माणूस गुदमरू शकतो, तेव्हा तिथेही दक्षता हवीच. उसाच्या मळीपासून होणारा मद्यार्क, संत्र्याच्या सालीतले लिमोनिन, साधे पाणी हेही सौम्य विद्रावकच आहेत. काम पाहून विद्रावक निवडायचा. 'हिरवा' हा शब्द लेबलावर छापला म्हणून काही पदार्थ सौम्य होत नाही.

हा विषय आपल्या कपाटापर्यंत येतो. ड्रायक्लीनिंग होऊन आलेल्या साडीला किंवा शेरवानीला जो उग्र वास असतो, तो बहुधा विद्रावकाचा असतो. या धंद्यात जगभर वापरले जाणारे परक्लोरोएथिलीन माणसात बहुधा कर्करोग घडवते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२४मध्ये ते या धंद्यातून दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने काढण्याचा नियम केला. कार्बन डायऑक्साइडने कपडे धुणारी यंत्रेही आहेत, पण महाग. तोवर एवढे करता येईल : कपडा घरी आणल्यावर प्लॅस्टिक काढून तासभर वाऱ्यावर टांगावा, मग कपाटात ठेवावा. आणि दुकानात गेलोच आहोत, तर यंत्राजवळ दिवसभर उभ्या असलेल्या माणसाच्या खोलीला खिडकी आहे का, तेही पाहून यावे. आपल्याला तो वास तासभर येतो, त्याला रोज.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)