बायोडिझेल आणि डिझेल गाडीची पात्रता

सन 1900 च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात मांडलेले एक लहानसे डिझेल इंजिन फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले, आणि ते इतके सुरळीत चालले की इंधन निराळे आहे हे फारच थोड्यांच्या ध्यानी आले, असा दाखला खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी नमूद करून ठेवला आहे. तात्पर्य, वनस्पतिजन्य तेलाचे या यंत्राला मुळात वावडे नाही. वावडे असलेच तर ते पुढे त्याच्याभोवती जमलेल्या नळ्या, पंप आणि फिल्टर यांच्या गोतावळ्याला आहे.

कच्चे वनस्पतिजन्य तेल डिझेलच्या सुमारे दसपट घट्ट असल्यामुळे इंजेक्टरला त्याचा बारीक फवारा करता येत नाही आणि आत काजळी धरते. यास्तव त्यावर मिथेनॉल व अल्कली यांची प्रक्रिया करून ग्लिसरीन विलग करतात आणि मागे राहते ते बायोडिझेल. भज्यांच्या कढईतले तेल गाळून टाकीत ओतणारे धाडसी लोक आहेत, परंतु त्यास बायोडिझेल म्हणणे हा त्या शब्दावर अन्याय होय.

जुन्या गाडीचे इंजिन सोशीक, पण तिच्या रबरी नळ्या व सील शुद्ध बायोडिझेलने फुगतात, मऊ पडतात. शिवाय हे इंधन टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला गाळ सोडवून पुढे धाडते, सबब प्रारंभी फिल्टर वारंवार बदलण्याची तजवीज ठेवावी लागते. नव्या गाडीतील सील बहुधा टिकाऊ असतात, मात्र तिचे दुखणे अधिक सूक्ष्म आहे: धुराड्यातील काजळीचा फिल्टर जाळून स्वच्छ करण्यासाठी कित्येक गाड्यांत सिलिंडरमध्ये उशिरा जादा इंधन सोडले जाते, आणि बायोडिझेलची वाफ डिझेलइतक्या सहजी होत नसल्याने त्यातील काही अंश भिंतीवरून उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो व ते पातळ करतो. म्हणजे पात्रतेचा निवाडा करताना केवळ गाडीचे वय पाहून भागत नाही.

आपल्याकडील डिझेलच्या मानकात 7 टक्क्यांपर्यंत मिश्रणाची मुभा आहे, आणि तेवढ्याने सामान्य गाडीस बाधा होऊ नये; त्यापुढील प्रमाणासाठी निर्मात्याची लेखी अनुमती नसेल तर हमीवर पाणी सोडावे लागण्याचा संभव असतो. थंडीत पामतेलाचे बायोडिझेल लवकर गढूळते, ही आणखी एक अडचण. आणि हे इंधन हवेशी व ओलाव्याशी फार लवकर सख्य करीत असल्याने, रोज धावणाऱ्या मालट्रकपेक्षा महिनोन्महिने छपराखाली उभी राहणारी दिमाखदार मोटारच त्यास अधिक अपात्र ठरते.