थ्रीडीला हवाय माणसाचा हात!

‘स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८) बघितलायत? मग एक गोष्ट नक्की खटकली असेल. सिनेमा थ्रीडी अॅनिमेशनचा, पण दिसतो छापील कॉमिकसारखा! ठिपके, तिरक्या रेघा, किंचित सरकलेले रंग. कम्प्युटरला हुबेहूब फोटोसारखं चित्र जमत असताना मुद्दाम हातानं काढल्यासारखं दाखवायचं, या हटके फंड्याचं नाव ‘नॉन-फोटोरिअॅलिस्टिक रेंडरिंग’.

गोची कुठे आहे?

थ्रीडी सीनमधल्या प्रत्येक वस्तूचा आकार कम्प्युटरला ठाऊक असतो. त्यामुळे कडा शोधून रेघा मारणं त्याला सोपं. पण चित्रकार सगळ्या रेघा मारतो थोडाच! नाक एका फटकाऱ्यात उरकतो, गालाची रेघ मध्येच सोडून देतो. काय गाळायचं, हीच तर त्याची स्टाइल. आणि नेमकं तेच मशीनला कळत नाही.

म्हणून रिमोट चित्रकाराच्या हाती द्यायची धडपड सुरू झाली. २००२ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत असं सॉफ्टवेअर मांडलं, ज्यात थेट थ्रीडी मॉडेलवरच रेघा ओढता येत. कॅमेरा फिरला, की त्या नव्या कोनाप्रमाणे जुळवून घेत. डिस्नेच्या ‘पेपरमॅन’मध्ये (२०१२) कलाकारांनी थ्रीडी पात्रांवर हातानं रेघा काढल्या आणि ‘मिअँडर’ या सॉफ्टवेअरनं त्या पात्रांच्या हालचालीबरोबर पुढच्या फ्रेम्समध्ये नेल्या. या छोट्या फिल्मला २०१३ मध्ये ऑस्कर मिळालं. ‘स्पायडर-व्हर्स’मध्ये तर चेहऱ्यावरची रेघ पुढे कुठे सरकेल याचा अंदाज मशीन लर्निंगनं बांधला, चुकलं तिथे दुरुस्ती माणसाची.

आपली मुंबई, त्यांची मुंबॅटन

२०२३ च्या दुसऱ्या भागात प्रत्येक विश्वाला वेगळी स्टाइल मिळाली. पवित्र प्रभाकरच्या मुंबॅटनचा लूक कुठून आला, माहित्येय? आपल्या आई-बाबांच्या पिढीनं वाचलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून!

मग एआय आहे की!

मार्च २०२५ मध्ये अनेकांनी आपले डीपी एआयकडून ‘जिब्ली स्टाइल’ करून घेतले. मजा आली, पण त्यात आपण फक्त ऑर्डर दिली. रेघ कुठे जाड, कुठे तुटक, हे ठरवलं मशीननं. आणि ज्यांची ती स्टाइल, त्या कलाकारांच्या हातात तर काहीच उरलं नाही.

थोडक्यात काय, स्टाइल आता कुणालाही एका क्लिकवर मिळते. पण कुठली रेघ सोडायची, हे सांगणारा माणूस लागतोच. पुढच्या वेळी अॅनिमेशन फिल्म बघाल, तेव्हा शेवटची नावं सरकताना लगेच उठू नका. ती माणसं तिथेच असतात!