कोलंबियाची पदवी आणि बडोद्यातली खोली

बडोद्याच्या जुन्या कोटातली मांडवी म्हणजे शहराचा मध्य. बँक ऑफ बडोदा १९०८ साली इथेच सुरू झाली आणि १९१०च्या सुमारास उभं राहिलेलं मध्यवर्ती ग्रंथालयही याच परिसरात आहे. दोन्ही संस्था महाराज सयाजीराव गायकवाडांच्या काळातल्या. या बडोद्याचं नाव निघालं की एक जुना वाद हमखास रंगतो : माणूस घडतो तो स्वतःच्या जिद्दीवर, की परिस्थितीमुळे? दोन्ही बाजूंचे लोक दाखला एकच देतात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. आणि दोन्ही बाजू त्यातलं अर्धंच सांगतात.

गैरसमज : अंगात जिद्द असली की परिस्थिती आडवी येत नाही.

बाबासाहेबांच्या जिद्दीबद्दल दुमत असण्याचं कारणच नाही. परळच्या चाळीत एकाच खोलीत अख्खं कुटुंब राहायचं. वडील रामजी रात्री दोन वाजता मुलाला उठवत आणि घर झोपलेलं असताना भीमराव अभ्यासाला बसत. पण याच गोष्टीत पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकणारे रामजी आहेत, पदवीसाठी सयाजीरावांकडे शब्द टाकणारे कृष्णराव अर्जुन केळूसकर आहेत आणि दरमहा पंचवीस रुपयांची बडोद्याची शिष्यवृत्तीही आहे. पुढे १९१३ साली बडोदा संस्थानानेच त्यांना अमेरिकेला पाठवलं. अट होती, परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी.

त्या अटीप्रमाणे १९१७ साली ते बडोद्यात रुजू झाले. गाठीला कोलंबिया विद्यापीठाचं शिक्षण, लंडनमधला अभ्यास आणि खुद्द महाराजांची नेमणूक. शहरात राहायला मात्र जातीमुळे जागा मिळेना. शेवटी पारशांच्या मुसाफिरखान्यात नोंदवहीत पारशी नाव लिहून ते उतरले. भाडं रोजचं दीड रुपया. वरच्या मजल्यावर अडगळ भरलेला दिवाणखाना, वटवाघळं आणि रात्री सोबतीला एक कंदील. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात आले. बाबासाहेबांनी आठवडाभराची मुदत मागितली, तीही मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत जागा सोडायची, एवढंच उत्तर. दोन मित्रांकडे विचारून पाहिलं. एकाला आपले नोकर काम सोडून जातील याची भीती होती, दुसऱ्याने बायको आल्यावर विचारून सांगतो म्हटलं. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवरचा वेळ त्यांनी आजच्या सयाजीबागेत झाडाखाली बसून काढला. हे सगळं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे.

शिकला-सवरला की जात मागे पडते, असं आजही सर्रास म्हटलं जातं. तसं म्हणणाऱ्याने त्या दिवशी बाबासाहेबांच्या शिक्षणात नेमकी काय कमतरता होती, ते सांगावं.

गैरसमज : सगळी महाराजांच्या पैशांची किमया.

शिष्यवृत्तीने बोटीचं भाडं आणि फी भागते. कोलंबियात अर्थशास्त्राचेच एकोणतीस अभ्यासक्रम घ्यायचे, हा निर्णय शिष्यवृत्ती करत नाही. तो त्या तरुणाचा. आणि सयाजीराव तरी कोण होते? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळ. १८७५ साली, बाराव्या वर्षी, महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. गाव मागे राहिलं आणि राजवाड्यात शिक्षण सुरू झालं. कवळाण्यात त्याच्या तोडीची आणखी मुलं असतीलच. त्यांच्यापर्यंत ना शिक्षक पोहोचला ना पाटी. सयाजीरावांचं मोठेपण मला दिसतं ते इथे, की नशिबाने जे आपल्याला मिळालं ते प्रजेच्या मुलांना कायद्याने मिळावं, असं त्यांनी ठरवलं. १८९३ साली अमरेलीत प्रयोग केला आणि १९०६ साली संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं.

शिक्षणासारखंच निवडीचंही आहे, तीही परिस्थितीने वाट दिली तरच करता येते. बडोद्यातल्या हिंदू स्त्रीला १९३१च्या कायद्याने घटस्फोट मागता येऊ लागला. देशभर तो हक्क यायला १९५५चा हिंदू विवाह कायदा व्हावा लागला. मधल्या वर्षांत हद्दीपलीकडच्या कितीतरी बायकांकडे धैर्य असेल, पण अर्ज करायला कायदाच नव्हता. 'तिने सहन करायचं ठरवलं' असं त्यांच्याबद्दल म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

गैरसमज : वरून हुकूम आला की समाज सुधारतो.

सयाजीरावांनी अंत्यजांसाठी शाळा काढल्या, तर शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात. मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षकांवर काम चालवावं लागलं. स्वतःच्या राजधानीत, स्वतः नेमलेल्या अधिकाऱ्याला राजा एक खोली मिळवून देऊ शकला नाही, यावरून सवय किती चिवट असते ते कळतं.

गैरसमज : परिस्थितीचं नाव घेणं ही पळवाट.

हा समज सर्वांत घातक, कारण तो ज्याच्यावर अन्याय झाला त्याचंच तोंड बंद करतो. आपल्या वाट्याला आलेल्या परिस्थितीचं स्पष्ट वर्णन बाबासाहेबांइतकं क्वचितच कुणी केलं असेल, आणि ती बदलण्यासाठी त्यांच्याइतकं राबलेही फार थोडे. महाडचा सत्याग्रह १९२७ साली झाला, पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली स्थापन झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्तीचा आग्रह धरला. मॅट्रिकनंतरची ती शिष्यवृत्ती आजही चालू आहे. एका तरुणाला एका राजाच्या मर्जीने जे मिळालं, ते हजारोंना हक्काने मिळू लागलं.

दहावी झालेलं एखादं हुशार, गरीब मूल तुमच्या ओळखीत असेल, तर त्याला नुसतं 'मेहनत कर' सांगून थांबू नका. त्याच्यासोबत बसून शिष्यवृत्तीचा अर्ज भरा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत निघतो का ते पाहा. आणि ते मूल उद्या नोकरीला लागून तुमच्या सोसायटीत घर विचारायला आलं, तर आडनाव न विचारता त्याला किल्ली द्या.