पाच व्होल्टांची मंजुरी

संगणकाच्या ज्या चपट्या, आयताकृती खाचेत आपण आज निःशंकपणे भ्रमणध्वनीची केबल खोवतो, ती खाच मुळात बॅटऱ्या भरण्यासाठी निर्माण झालेली नव्हती. ही एक गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून, जुना फोन तिला जोडला असता कधी बऱ्यापैकी, कधी अतिमंद गतीने आणि कधी मुळीच चार्ज का होत नाही, या प्रश्नाचा उलगडा व्हावयाचा नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरसाठी एक रुंद जोडणी, मोडेमसाठी दुसरी, कळफलकासाठी तिसरी आणि माउससाठी आणखी निराळी, असा पसारा असे. तो आवरून सर्व उपकरणांस एकच सामाईक वाट असावी, या हेतूने इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक आदी सात कंपन्यांनी मिळून १९९६च्या जानेवारीत जी योजना प्रसिद्ध केली, तीच यूएसबी. इंटेलमधील ज्या अभियंत्याचे नाव तिच्याशी मुख्यत्वे निगडित आहे, ते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. गायकवाडांच्या राजधानीत घडलेल्या विद्यार्थ्याचा हात या कामास लागला, याचा मराठी वाचकास संतोष वाटावा, हे साहजिकच आहे.

या योजनेतील केबलीत चार तारा होत्या. हिरवी आणि पांढरी या दोन संभाषणासाठी, आणि तांबडी व काळी या दोन विजेसाठी. वीज घालण्याचे प्रयोजन इतकेच, की कळफलक किंवा माउस यांसारख्या अल्पसंतुष्ट उपकरणास स्वतंत्र वायर भिंतीपर्यंत ओढावी लागू नये. संगणकाच्या अंतर्भागात पाच व्होल्टांचा पुरवठा आधीपासून नांदत होताच. तोच तांबड्या तारेवर आणून ठेवला गेला. परंतु ज्याला जेवढी हवी त्याने तेवढी वीज ओढावी, अशी मोकळीक मात्र कोणासही देण्यात आली नाही, आणि माझ्या मते या योजनेतील सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय तोच होय.

जुन्या संस्थानी कारभारात खजिन्यातून रक्कम उचलण्यापूर्वी जशी दरखास्त करावी लागे आणि मंजुरीचा हुकूम हाती पडेपर्यंत किरकोळ खर्चापलीकडे हात घालण्याची मुभा नसे, त्याच धर्तीचा शिरस्ता येथे घालून देण्यात आला. उपकरण जोडले गेले, की त्याने प्रथम १०० मिलिअँपिअरच्या आतच राहावयाचे. मग आपण कोण, कोणत्या जातीचे उपकरण आणि आपणास अधिकात अधिक किती प्रवाह लागेल, याचा दाखला संगणकापुढे रुजू करावयाचा. संगणकाने तो तपासून मान्य केला, तरच ५०० मिलिअँपिअरपर्यंत जाण्याचा अधिकार प्राप्त होतो. पुढे २००८च्या नोव्हेंबरात आलेल्या यूएसबी ३.० या आवृत्तीत ही मर्यादा ९०० मिलिअँपिअरपर्यंत वाढविण्यात आली. त्या खाचेतील जीभ बहुधा निळी असते, म्हणून ती ओळखू येते. पण २०००च्या एप्रिलपासून प्रचारात आलेल्या यूएसबी २.० ची पाचशेची मर्यादाच जुन्या फोनांच्या काळात सर्वत्र लागू होती. पाच व्होल्ट आणि अर्धा अँपिअर मिळून होतात अडीच वॉट. एवढ्या तुटपुंज्या तनख्यावर बॅटरी भरण्याचा हा उद्योग आहे, हे ओळखले म्हणजे फोनच्या मंदगतीविषयी तक्रार करण्याचे कारण उरत नाही.

आता फोनांकडे वळू. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० ला यूएसबीची वाटच नव्हती. त्याला साडेतीन मिलिमीटरची जाड पिन लागे, आणि पुढील काही वर्षांत तिची जागा दोन मिलिमीटरच्या बारीक पिनेने घेतली. ‘जाड पिन आहे का?’ आणि ‘बारीक पिन आहे का?’ हे दोन प्रश्न त्या काळी लग्नघरांत, कचेऱ्यांत आणि एसटीच्या स्थानकांवर किती वेळा उच्चारले गेले असतील, याची गणती नाही. पण खरी गफलत झाली ती ज्या फोनांना यूएसबीची जोडणी होती आणि तरीही चार्जिंगची पिन वेगळी होती, अशांच्या बाबतीत. नोकिया ६३०० आणि एन९५ यांना मिनी-यूएसबीचे छिद्र होते, ई७१ ला मायक्रो-यूएसबीचे, आणि एन७३ च्या तळाशी निर्मात्याची स्वतःची रुंद जोडणी. या सर्वांतून गाणी, छायाचित्रे आणि पत्ते संगणकावर जात-येत असत, मात्र तांबड्या तारेवरील पाच व्होल्ट बॅटरी भरणाऱ्या मंडलापर्यंत नेण्याची तजवीजच त्यांच्या आतील रचनेत केलेली नव्हती. संगणकाला फोन दिसतो, फोनला संगणक दिसतो, आणि बॅटरीची रेघ मात्र तिळभरही वर सरकत नाही, हे पाहून कित्येकांनी केबल सदोष ठरविली, कित्येकांनी फोन दुरुस्तीस टाकला. वस्तुतः दोष ना केबलीचा होता ना फोनचा. इतकी सोयीची वाट दारापर्यंत आणून पुढचे चार अंगुळे अंतर न सांधण्याचा तो निर्णय मला आजही अनुदार वाटतो.

त्यावरचा तोडगा नोकियाने स्वतःच काढला होता: एका टोकास यूएसबी आणि दुसऱ्या टोकास बारीक पिन असलेली सीए-१०० नावाची केबल. तिच्या नकला पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विपुल मिळू लागल्या. अशा साध्या पिनेच्या केबलीत तांबडी आणि काळी या दोनच तारांचे काम असल्यामुळे फोनला संगणकाशी बोलताच येत नाही, अर्थात दरखास्त नाही आणि मंजुरीही नाही. कागदोपत्री पाहता शंभराच्या वर प्रवाह घेणे हा नियमभंगच. परंतु बहुतेक संगणक प्रत्येक खाचेवर बारकाईने देखरेख ठेवीत नाहीत, मर्यादा फारच ओलांडली गेली तर पुरवठा तोडणारे संरक्षण तेवढे त्यांत बसविलेले असते, आणि पुष्कळदा ते दोन खाचांत मिळून एक असते. फोनची स्वतःची भूक मुळात बेताची असल्यामुळे व्यवहारात हे निभावून जाते. पिन मात्र फोनच्या मापाची हवी. सैल पिनेने स्पर्श तुटक होतो आणि तेथेच उष्णता निर्माण होते.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण म्हणजे मोटोरोलाचा रेझर व्ही३. २००४ सालचा हा सडपातळ फोन मिनी-यूएसबीनेच चार्ज होई आणि नियमाचे पालन अक्षरशः करी. संगणकावर त्याचा ड्रायव्हर घातलेला नसेल, तर त्याची ओळख पटत नसे, ओळख न पटल्यामुळे ५०० मिलिअँपिअरची मंजुरी मिळत नसे, आणि मग पडद्यावर चार्ज करता येत नसल्याची सूचना उमटे. भिंतीवरच्या चार्जरला लावला की तोच फोन विनातक्रार भरू लागे. अनेकांना हा लहरीपणा वाटला. तो लहरीपणा नव्हता, सचोटी होती. तो ड्रायव्हर संगणकावर चढविला की प्रश्न तिथेच मिटतो, आणि आजही कोणाकडे हा फोन जपून ठेवलेला असेल, तर पहिला उपाय हाच.

मग भिंतीवरच्या चार्जरला अशी ओळख पटविण्याची गरज का भासत नाही? त्याचे उत्तर २००७च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅटरी-चार्जिंगविषयक स्वतंत्र नियमावलीत सापडते. निव्वळ वीज पुरविणाऱ्या चार्जरने आपल्या आत हिरवी आणि पांढरी या संभाषणाच्या दोन तारा परस्परांस जोडून टाकाव्यात, असे ठरले. फोनने त्या तारा चाचपून पाहिल्या आणि त्या एक झालेल्या आढळल्या, की येथे विचारणा करण्याजोगे कोणी नाही, प्रवाह मुक्तपणे घ्यावा, असे त्याने समजावयाचे. संगणकाच्या खाचेवर तशी खूण नसते, म्हणून तेथे फोन पाचशेवर थबकतो. तीच केबल, तेच पाच व्होल्ट, आणि तरीही भिंतीवर एका तासात होणारे काम संगणकावर दोन-तीन तास खाते, याचे कारण एवढेच.

वेळेचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. नोकियाची सुप्रसिद्ध बीएल-५सी ही बॅटरी १,०२० मिलिअँपिअर-तासांची. ५०० मिलिअँपिअरने ती दोन तासांत भरावी, असे गणित सांगते. प्रत्यक्षात तीनच्या आसपास लागतात, कारण लिथियम-आयन घटाचा दाब ४.२ व्होल्टांपर्यंत पोहोचला की दाब तेथेच रोखून प्रवाह हळूहळू उतरवीत न्यावा लागतो, आणि शेवटचा हिस्सा म्हणूनच रेंगाळतो. शंभर मिलिअँपिअरवर हेच काम दहा तासांहून अधिक चालेल, आणि त्यात फोन चालू असून रेंज कमी असली, तर टॉवर शोधण्यातच आलेली वीज खर्ची पडेल. शंभरची ही पाळी अनेकदा हबामुळे ओढवते. स्वतःचा विद्युत्पुरवठा नसलेला चार खाचांचा हब संगणकाकडून मिळालेल्या पाचशेतून शंभर स्वतःस राखतो आणि उरलेले चारशे चौघांत वाटतो. त्यावर फोन लावणे म्हणजे वेळेचा अपव्यय. लांब आणि बारीक तारेच्या केबलीत दाबाची आणखी घट होते. म्हणून आखूड, जाडसर केबल थेट संगणकाच्या खाचेत, आणि शक्य तर पाठीमागच्या खाचेत लावावी, कारण पुढच्या खाचा मदरबोर्डापासून आणखी एका तारेने जोडलेल्या असतात.

रात्री फोन लावून निजावे आणि सकाळी तो अर्धवटच भरलेला आढळावा, हा अनुभव सार्वत्रिक आहे. संगणक निद्रिस्त झाला, की पुष्कळ यंत्रांत खाचांचा पुरवठा बंद होतो किंवा उपकरणास २.५ मिलिअँपिअरच्या आत राहण्याची आज्ञा होते. विंडोजमध्ये यूएसबी रूट हबच्या गुणधर्मांत, वीज वाचविण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची संगणकास दिलेली परवानगी काढून घेता येते. काही लॅपटॉपांच्या एखाद्या खाचेजवळ विजेच्या लोळाची लहानशी आकृती असते. यंत्र बंद असतानाही ती खाच वीज देऊ शकते, मात्र त्यासाठी बायोसमधील तरतूद चालू असावी लागते.

चालू आणि बंद यंत्रातला हा भेद महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने भारनियमनाच्या वर्षांत स्वानुभवाने जाणला आहे. तासन्‌तास वीज नसताना लॅपटॉप हाच एकमेव साठा असे. सहा घटांच्या, १०.८ व्होल्ट आणि ४,४०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे ४७ वॉट-तास ऊर्जा सामावते, तर बीएल-५सी मध्ये जेमतेम पावणेचार. म्हणजे बारा पटीहून अधिक. पण चालू लॅपटॉप स्वतःच पंधरा-वीस वॉट खातो आणि फोनला देतो अडीच, हे विसरले की दोन-अडीच तासांत लॅपटॉप कोरडा पडतो आणि फोन एकदाच भरलेला असतो. लोळाच्या खुणेची खाच असलेला लॅपटॉप बंद ठेवून त्यावर फोन लावला, तर त्याच साठ्यात घरातले, शेजारचे असे अनेक फोन निघतात.

चार्जरांची ही बजबजपुरी मोडण्याचे श्रेय कायदा आणि करार यांच्याकडे जाते. चीनने २००६ साली चार्जरच्या बाजूस यूएसबीचीच खाच असावी, असा दंडक केला; युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने २००९च्या जूनमध्ये दहा कंपन्यांनी मायक्रो-यूएसबीच्या सामाईक चार्जरचा करार मान्य केला. मायक्रो-यूएसबीचा एक गुण फारसा कोणी सांगत नाही: पकड धरणाऱ्या स्प्रिंगा फोनमध्ये न ठेवता केबलीच्या टोकात ठेवल्या गेल्या, यासाठी की झीज स्वस्त केबलीची व्हावी, महाग फोनची नव्हे. २०२४च्या २८ डिसेंबरपासून युरोपीय संघात नव्या फोनांस टाइप-सी ही जोडणी बंधनकारक झाली आहे, आणि नव्या लॅपटॉपांत जुनी चपटी खाच दुर्मीळ होत चालली आहे. टाइप-सीच्या खाचेत पाच व्होल्ट सदैव उभे नसतात, समोर ५.१ किलोओहमचा रोध आढळला तरच ती जागी होते. जुन्या फोनसाठी घ्यावयाच्या टाइप-सी ते मायक्रो-यूएसबी केबलीच्या टोकात हा रोध असावाच लागतो. निकृष्ट केबलीत तो गाळलेला असला, तर कितीही वेळ लावून ठेवा, फोन मृतवत्‌ पडून राहतो.

परक्या संगणकावर फोन लावण्याविषयीही एक इशारा अवश्य आहे. जी केबल वीज आणते, तीच विदाही नेते. २०११ साली लास व्हेगासच्या डेफकॉन संमेलनात सार्वजनिक चार्जिंग खोका मांडून संशोधकांनी हा धोका जाहीरपणे दाखवून दिला. अँड्रॉइडने ६.० आवृत्तीपासून केवळ चार्जिंग हीच मूळ अवस्था ठरविली. त्यापूर्वीच्या फोनांना हे कवच नाही, आणि नेमक्या त्यांतच कोणाच्या दिवंगत आईचे संदेश, कोणाच्या मुलाची पहिली छायाचित्रे अडकलेली असतात. त्यांच्यासाठी सायबर कॅफेत दोनच तारांची केबल वापरावी.

वर्षानुवर्षे खणात पडलेला फोन लावल्याबरोबर काहीच दाखवीत नाही, तेव्हा अधीर होऊ नये. पार रिकाम्या झालेल्या बॅटरीच्या फोनला बोलण्याइतकीही शक्ती नसते, आणि न बोलता अधिक प्रवाह मागता येत नाही. या पेचावर चार्जिंगच्या नियमावलीत ४५ मिनिटांची मुदत दिलेली आहे, तेवढ्यात शंभर मिलिअँपिअरवर फोनने शुद्धीवर यावे, अशी अपेक्षा. तेव्हा पाऊण तास तरी वाट पाहावी. तत्पूर्वी मागचे झाकण उघडून बॅटरी फुगलेली नाही ना, हे अवश्य पाहावे. फुगलेली असेल, तर ती कोणत्याही खाचेला लावू नये आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावी. बीएल-५सी च्या मापाच्या बॅटऱ्या छोटे रेडिओ आणि स्पीकर यांत अद्याप वापरात असल्याने नवी सहज मिळते. दुकानदार ती हातात देताना पहिल्या वेळी सलग आठ तास चार्ज करण्यास सांगेल, तो निकेलच्या घटांच्या काळातील रिवाज होय. लिथियमच्या घटास त्याची गरज नाही, भरला की फोन स्वतःच पुरवठा थांबवितो आणि त्यापूर्वी काढून घेतला तरी घटाची काही हानी होत नाही.