आधी बाहुलीला सुई, मग मला: गंभीर आजारी मुलांच्या उपचारात खेळाचं काय काम?

"मस्ती केलीस ना, तर डॉक्टरकाकांना सांगून मोठी सुई द्यायला लावीन!"

हे वाक्य न ऐकता मोठं झालेलं मराठी मूल शोधून सापडायचं नाही. वर्षातून दोनदा सर्दी-खोकल्यासाठी दवाखान्यात जाणाऱ्या मुलाचं त्याने फार बिघडत नाही. पण त्याच मुलाला पाचव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला तर?

लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. नीट उपचार मिळाले तर आज यातली बहुतेक मुलं बरी होतात. पण हे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. सतत रक्ततपासण्या, सलाईन, केमो, मधूनमधून पाठीच्या मणक्यातून पाणी काढणं. म्हणजे ती "मोठी सुई" आता कायमचीच. आणि घरात ती शिक्षा म्हणूनच ऐकलेली असते. पाच वर्षांच्या डोक्यातला हिशोब सरळ असतो: सुई मिळतेय, म्हणजे मी काहीतरी वाईट वागलोय.

हा हिशोब मोडून काढायला जगभरातल्या मुलांच्या हॉस्पिटलांमध्ये वापरतात ती गोष्ट म्हणजे खेळ. मूल रडू नये म्हणून हातात खुळखुळा देतात तसा नाही, तर उपचाराचाच एक भाग म्हणून ठरवून खेळवलेला.

आई-बाबांना आत यायलाच बंदी होती

एकेकाळी इंग्लंड-अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत मुलाला भरती केलं की आई-वडिलांना ठरावीक वेळेतच भेटता यायचं. कारण काय, तर आई येऊन गेली की मूल रडतं आणि वॉर्डची शिस्त बिघडते. आई नसताना मूल गप्प असतं, म्हणजे ते रुळलं, असा समज होता.

जेम्स रॉबर्टसन या लंडनच्या सामाजिक कार्यकर्त्याने 1952 मध्ये एक फिल्म केली. दोन वर्षांची मुलगी छोट्या ऑपरेशनसाठी आठ दिवस हॉस्पिटलमध्ये राहते, एवढंच त्यात आहे. पण तिचं ते गप्प होणं म्हणजे रुळणं नव्हे, आतून मिटत जाणं आहे, हे पडद्यावर स्पष्ट दिसत होतं. डॉक्टरांच्या सभेत ती फिल्म दाखवली तेव्हा अनेक डॉक्टर भडकले. पण 1959 मध्ये ब्रिटनमधल्या प्लॅट समितीने आई-वडिलांना भेटायला मोकळीक द्या, लहान मुलांजवळ आईला राहू द्या, मुलांच्या खेळण्या-शिकण्याची सोय करा, अशा शिफारशी केल्या.

तिकडे अमेरिकेत क्लीव्हलंडच्या सिटी हॉस्पिटलमध्ये मुलांच्या विभागाचे प्रमुख होते फ्रेडरिक रॉबिन्स. पोलिओच्या विषाणूवरच्या कामासाठी 1954 चं नोबेल मिळालेले. 1955 मध्ये त्यांनी एमा प्लँक यांना बोलावून घेतलं. या बाई डॉक्टर नव्हत्या, नर्स नव्हत्या. व्हिएन्नात माँटेसरी पद्धतीत तयार झालेल्या बालवाडीच्या शिक्षिका! महिनोन्‌महिने वॉर्डात पडून राहणाऱ्या मुलांसाठी त्यांनी खेळ आणि शिक्षणाचा कार्यक्रम उभा केला, आणि 1962 मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. आज अमेरिकेत 'चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट' नावाचा जो परीक्षा देऊन मिळवायचा व्यवसाय आहे, त्याच्या मुळाशी प्लँक यांचं काम आहे.

बाहुली, सिरिंज आणि खरं बोलणं

हे लोक नेमकं करतात काय? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डॉक्टर-डॉक्टर खेळणं. आपली मुलं भातुकलीच्या जोडीने खेळतात तेच, फक्त सामान खरं. मुलाला कापडी बाहुली, खरा स्टेथोस्कोप, सुई काढलेली सिरिंज, बँडेज, सलाईनची नळी असं देतात. बाहुलीच्या हाताला इंट्राकॅथ लावायचं, तिचं रक्त घ्यायचं, पट्टी बांधायची. इथे डॉक्टर कोण, तर मूल. एरवी दिवसभर ज्याच्या अंगावर सगळे काहीतरी करत असतात, त्याच्या हातात एकदा तरी सिरिंज येते.

या खेळातून मोठ्यांना कळतंही बरंच. एखादं मूल बाहुलीला रागारागाने दहा-बारा इंजेक्शनं देतं. एखादं तिला बजावतं, "आईचं ऐकलं नाहीस म्हणून असं झालं." मुलाला थेट विचारलं असतं तर हे उत्तर कधीच मिळालं नसतं. ते एकदा बाहेर आलं की समजावता येतं: आजार कुणाच्या वागण्यामुळे झालेला नाही, आणि सुई ही शिक्षा नाही.

शब्दही जपून वापरावे लागतात. आपण सहज म्हणतो, "रक्त काढायचंय." छोट्याला वाटतं, सगळंच काढणार. म्हणून "चमचाभर रक्त घ्यायचंय, शरीर नवीन रक्त बनवत असतं" असं सांगावं. ऑपरेशनच्या आधी "तुला झोपवणार" म्हटलं तर काही मुलं रात्री झोपायलाच घाबरतात. त्यापेक्षा "औषधाने येणारी ही वेगळी झोप आहे, त्यात काही दुखत नाही आणि काम झालं की डॉक्टर तुला उठवतात" हे बरं.

आणि आपलं ते लाडकं "काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं होईल"? मुंगी चावल्यासारखं होणार असेल तर जरूर सांगा. मणक्यात सुई जाणार असताना सांगू नका. मूल एकदा फसतं, मग आई-बाबांच्या कुठल्याच वाक्यावर विश्वास ठेवत नाही. उपचार तीन वर्षांचा असेल तर हा सौदा फार महाग पडतो.

प्रत्यक्ष सुई टोचताना मात्र बाहुली बाजूला ठेवून लक्ष दुसरीकडे वळवायचं असतं. साबणाचे फुगे फुंकायला देणं ही जुनी आणि स्वस्त युक्ती. फुगा मोठा हवा तर श्वास सावकाश सोडावा लागतो, आणि तसं केलं की अंग आपोआप सैल पडतं. चौघांनी धरून आडवं करण्याऐवजी, जमत असेल तिथे, मुलाला आईच्या मांडीवर मिठीत बसवून सुई देतात. "उजवा हात की डावा?" एवढं विचारलं तरी फरक पडतो. (जिथे पर्याय नाही तिथे मात्र विचारू नये. "इंजेक्शन घ्यायचं का?" याचं उत्तर काय येणार, ते सगळ्यांना माहीत आहे.)

हे फक्त मन रमवणं नाही. सुईच्या वेदनेवरच्या मानसिक उपायांचा कॉक्रेन या संस्थेने 2018 मध्ये आढावा घेतला. 59 चाचण्या तपासल्यावर लक्ष वळवण्याने मुलांचं दुखणं आणि घाबरणं कमी होतं, असा पुरावा मिळाला. तरीही बधिर करणारं मलम किंवा भूल यांची जागा खेळ घेऊ शकत नाही.

समुद्री चाच्यांचं जहाज आणि विदूषक

एमआरआय मशीनचं उदाहरण बऱ्याच जणांनी ऐकलेलं असेल. ते मशीन प्रचंड आवाज करतं आणि आत अजिबात न हलता पडून राहावं लागतं. घाबरलेल्या मुलांना त्यासाठी गुंगीचं औषध द्यावं लागतं, म्हणजे वेगळा डॉक्टर आणि वेगळी जोखीम. डग डाएट्झ हे अशी मशीन डिझाइन करणारे इंजिनिअर. आपण बनवलेल्या मशीनकडे जाताना एक छोटी मुलगी रडतेय हे त्यांनी पाहिलं आणि ते हादरले. मग पिट्सबर्गच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये त्यांच्या टीमने स्कॅनच्या खोलीचं समुद्री चाच्यांचं जहाज करून टाकलं. मशीन तेच, आवाज तोच. पण आता हलायचं नाही, कारण चाच्यांना कळेल! गुंगी द्यावी लागणाऱ्या मुलांचं प्रमाण कमी झालं.

विदूषकांची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या हॉस्पिटलमध्ये 5 ते 12 वर्षांच्या 40 मुलांवर एक अभ्यास झाला, तो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांबरोबर ऑपरेशनआधी आई किंवा बाबा होते, निम्म्यांबरोबर पालक आणि विदूषक दोघंही. विदूषक असलेली मुलं भूल देताना कमी घाबरली. स्टाफनेही हे मान्य केलं. पण हे पुढे चालू ठेवायचं का, असं विचारल्यावर बहुतेकांनी नको म्हटलं, कारण ऑपरेशन थिएटरच्या कामात अडथळा येतो. हॉस्पिटलमध्ये खेळ का रुजत नाही याचं उत्तर या एका अभ्यासात आहे: उपयोग सगळ्यांना पटतो, घड्याळ आड येतं.

किशोरवयीन मुलांपुढे बाहुली ठेवली तर ती तोंड फिरवतील. त्यांच्यासाठी 'री-मिशन' नावाचा व्हिडिओ गेम काढला होता. त्यात खेळणारा शरीरात शिरून कॅन्सरच्या पेशींवर केमोचा मारा करतो. 13 ते 29 वयाच्या 375 रुग्णांवर त्याची चाचणी झाली, निष्कर्ष 2008 मध्ये आले. काहींना हा गेम दिला, काहींना इंडियाना जोन्सचा साधा गेम. री-मिशन खेळणाऱ्यांनी घरी घ्यायच्या गोळ्या जास्त नियमित घेतल्या. हे त्यांच्या सांगण्यावरून नाही, बाटलीच्या झाकणातल्या यंत्राने आणि रक्ततपासणीने मोजलं होतं. ताण मात्र कमी झाला नाही. गोळी चुकवणं म्हणजे कॅन्सर परतण्याची शक्यता वाढवणं, हे लक्षात घेतलं तर एवढंही पुष्कळ आहे.

आपल्याकडे

आपल्या सरकारी वॉर्डात एका खाटेवर एक मूल मिळालं तरी नशीब, तिथे चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट कुठून येणार? मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये देशभरातून मुलं येतात, आणि कित्येक कुटुंबांपुढे पहिला प्रश्न राहायचं कुठे हाच असतो. 2006 मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स अशा कुटुंबांना उपचारादरम्यान मोफत राहायची जागा देतात, आणि तिथे मुलांच्या शिकण्या-खेळण्याचीही सोय असते. छप्पर आणि खेळ एकाच ठिकाणी, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

मूल घरी असेल तर पालकांनाही बरंच करता येतं. नर्सला विचारून सुई नसलेली नवी सिरिंज, थोडा कापूस, पट्टी मागून घ्या आणि एखादी बाहुली द्या. काय खेळायचं ते मुलाला ठरवू द्या, तुम्ही पेशंट व्हा. खेळणी धुता येतील अशी हवीत, दुसऱ्या मुलांची मऊ खेळणी नकोत. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी झाल्या असतील तर माती-वाळूतला खेळही डॉक्टरांना विचारूनच.

परदेशातल्या हॉस्पिटलांतला एक नियम घरातही लागू करता येईल, आणि त्याला पैसा लागत नाही. तिथल्या खेळघरात कुणीही मुलाला सुई टोचत नाही, औषध देत नाही, तपासतसुद्धा नाही. डॉक्टरला काही करायचं असेल तर मुलाला तिथून बाहेर न्यायचं. घरातही एक कोपरा असा ठेवा, जिथे कडू औषधाची बाटली कधीच येणार नाही.