खडे वेचणाऱ्याचे वाळवंट

वाळवंट म्हटले की आज आपल्यापुढे राजस्थान उभे राहते. पण मराठीत या शब्दाचा जुना घरोबा नदीशी आहे. पंढरपूरचे वाळवंट चंद्रभागेचे, आणि डिचोली तालुक्यात साखळीवरून वाहणाऱ्या नदीचे तर नावच वाळवंटी. अकीक, गारगोट्या आणि रंगीत दगड जमवणारे जगभरचे हौशी लोक मरुभूमीकडे धावतात. ते का धावतात हे कळले, की आपल्याकडे कुठे पाहावे तेही कळते.

मरुभूमीत दगड जास्त घडतात असे नाही. ते तेथे उघडे पडतात. माती धरून ठेवायला गवत नसते, वारा बारीक वाळू उडवून नेतो आणि जड, कठीण खडे जागच्या जागी उरतात. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. खडक कुजून त्याची माती होते आणि मातीवर रान माजते. म्हणून येथे जमीन उघडी पडलेल्या जागा हेराव्या लागतात: दिवाळीनंतरचे नदीपात्र, समुद्रकाठ, खाणींचे ढिगारे आणि सडा.

अकीकाचे मूळ दख्खनच्या काळ्या कातळात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले, तेव्हा वायूचे बुडबुडे त्यांत अडकून पोकळ्या राहिल्या. सिलिका विरघळलेले पाणी त्या पोकळ्यांत झिरपले आणि आतल्या भिंतींवर एकावर एक पापुद्रे बसत गेले. पुढे कातळ झिजला, पण त्याहून कठीण असलेला अकीक झिजला नाही; तो सुटून नदीत गेला. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात असा दगड पैठणहून भडोच बंदरात जात असल्याची नोंद आहे. गोव्याच्या बहुतेक भूमीखाली मात्र हा कातळ नाही. तो आहे आपल्या डोक्यावर, घाटमाथ्याला. पेडण्याच्या वाचकाने म्हणूनच तेरेखोलची वाट धरावी. ती मनोहरगडाच्या बाजूच्या डोंगरांतून उतरते, आणि वरचे जे काही खाली येणार ते तिच्याच पात्रातून.

अकीक बाहेरून अगदी गबाळा असतो: खरबरीत, मातकट, बटाट्यासारखा. तो उन्हासमोर धरा. कडेने मधासारखा उजेड झिरपला तर पिशवीत टाका. चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही, उलट तोच काचेवर ओरखडा काढतो. ही शेवटची परीक्षा हरमलच्या किनाऱ्यावर फार उपयोगी, कारण लाटांनी घासून गुळगुळीत केलेले बाटल्यांचे तुकडे तेथे रत्नांचा आव आणून पडलेले असतात.

पण माझे मत विचाराल तर गोवेकराने अकीकाच्या मागे फार लागू नये. डिचोलीचे वैभव वेगळेच आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनी गोव्याच्या खडकांच्या एका गटाला डिचोलीचेच नाव दिले आहे, आणि आपले लोहखनिज त्याच गटातले. या खडकांचे वय अडीच अब्ज वर्षांच्या आसपास. त्यांच्यापुढे दख्खनचा कातळ कालचे पोर ठरतो. त्या काळच्या समुद्रात प्राणवायू जवळजवळ नव्हता आणि लोह पाण्यात विरघळून राहत असे. सूक्ष्म जीवांनी प्राणवायू सोडायला सुरुवात केल्यावर ते लोह गंजून तळाशी बसू लागले. एक थर लोहाचा, एक गारेचा, पुन्हा लोहाचा. असा पट्ट्यापट्ट्यांचा दगड हातात घ्याल तेव्हा समुद्राच्या तळाची उभी चीर तुमच्या हातात असते. पुढे पावसाने वरच्या थरांतली गार धुऊन नेली, लोह मागे उरले, आणि तेच आपण बोटी भरभरून जपानकडे पाठवले. पट्टे शाबूत असलेला दगड कमी प्रतीचा, म्हणून टाकाऊ ठरला. वेचणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.

ओळखायला एक बिनझिलईची पांढरी लादी पुरे. दगड तिच्यावर घासा. तांबूस रेघ उमटली तर हेमॅटाइट, पिवळसर तपकिरी उमटली तर पाणी धरून असलेले लोहखनिज, गोएथाइट. काळी उमटून लोहचुंबकही ओढत असेल तर मॅग्नेटाइट. वरून तिन्ही काळेच दिसू शकतात, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. पिवळे खनिज तापवले की त्यातले पाणी उडून ते लाल होते. गुजरातेत रतनपूरचा फिकट अकीक गोवऱ्यांच्या मंद आचेवर भाजून खंबायतचे कारागीर त्याला लाल करतात, तेही याच न्यायाने.

न्यायालयाच्या आदेशांनी 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी थांबल्या, तरी ढिगारे राहिले. त्यांच्यावर चढू नका. ती सैल माती आहे, पावसात खचते, आणि तिच्या गाळाने डिचोलीतल्या शेतांचे काय झाले ते गावकऱ्यांना विचारा. खाण कोणाच्या तरी ताब्यातली असते. परवानगी नसेल तर रस्त्याच्या कडेला पडलेल्या दगडांवर समाधान मानावे.

राहिला सडा. चैत्र-वैशाखात तो खरोखर मरुभूमी वाटतो: पाय भाजणारा जांभा, वाळके गवत, सावली नाही. फ्रान्सिस बुकॅनन याने 1807 मध्ये मलबारातल्या या दगडाला लॅटेराइट म्हटले, ‘विटेचा दगड’ अशा अर्थाने. आपण त्याचेच चिरे काढून घरे बांधतो. कागदोपत्री मात्र सडा म्हणजे पडीक जमीन. पेडण्यात मोप्याचा सडा सपाट होऊन तेथे विमानतळ झाला आणि जानेवारी 2023 पासून विमाने उतरू लागली. विमानतळ हवा की नको हा वाद येथे करायचा नाही. पण सपाट केलेल्या सड्याचा मूळ माथा कसा होता, कुठे कोणता दगड उघडा पडला होता, हे पुन्हा जाऊन पाहता येत नाही. ते कोणी टिपून ठेवले असेल तरच उरते.

म्हणून दगड घरी आणाल त्याच दिवशी त्याच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन क्रमांक घाला, आणि वहीत त्या क्रमांकापुढे गाव, वाडी, जागेची खूण, तारीख आणि दगड खडकात घट्ट होता की सुटा पडलेला, एवढे लिहा. जागा न लिहिलेला सुंदर दगड शोभेचा. जागा लिहिलेला ओबडधोबड दगड अभ्यासाचा. आणि सड्यावर धारदार कडांचा, मुद्दाम ठोकून काढल्यासारखा गारेचा छिलका दिसला, तर तो उचलू नका. ते आदिमानवाचे हत्यार असू शकते, आणि 1972 च्या पुरावस्तू कायद्याचा विषयही. जागेवरच छायाचित्र घ्या, शेजारी मापासाठी नाणे ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला पणजीस कळवा.